मालकहो, तुमच्या चाव्या माझ्याकडून परत घ्या

सांगली मार्केट यार्डातले समस्त अडते, व्यापारी, खरेदीदार आणि आपल्या व्यापारी संघटनेचे पदाधिकारी यांना,

सप्रेम नमस्कार.

मी यार्डात कॉम्प्युटर, प्रिंटर, नेटवर्क, कॅमेरे असलं सगळं बघतो. खाली नाव टाकत नाही, ज्यांना ओळखायचं ते चार ओळींतच ओळखतील, आणि जे ओळखणार नाहीत त्यांच्या पेढीवरसुद्धा माझ्यासारखा कुणीतरी पाठीवर बॅग टाकून येतच असणार. हे पत्र त्याच्याबद्दल पण आहे.

म्हणणं एकच आहे. तुमच्या धंद्यातल्या इतक्या गोष्टी माझ्या हातात ठेवू नका. खरंच सांगतोय.

आत्ता ह्या घडीला माझ्या लॅपटॉपवरून मी तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या पेढीतला कॉम्प्युटर उघडू शकतो, तुम्ही घरी जेवायला बसलेले असताना, दिवाणजी शटर ओढून गेल्यावर. ॲनीडेस्कला, म्हणजे लांबून कॉम्प्युटर उघडायच्या सॉफ्टवेअरला, कायमचा पासवर्ड टाकायला तुम्हीच सांगितलं होतं, "सारखं सारखं नंबर सांगत बसायला टाइम नसतोय, तू तुझं बघून घे" म्हणून. कुणाच्या दुकानाच्या जीमेलला रिकव्हरी नंबर माझा आहे. राउटरचा पासवर्ड माझ्याकडे, कॅमेऱ्याच्या डीव्हीआरचा, म्हणजे रेकॉर्डिंगच्या पेटीचा, माझ्याकडे, हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरच्या लायसनचं खातं ज्या ईमेलवर आहे तो ईमेल मालकाला माहीतच नाही. एकदोघांच्या नेट बँकिंगचा युजर आयडी तर मला पाठ झालाय, मी कधी मागितला नव्हता, पण प्रिंटरची वायर काढताना मॉनिटरच्या बुडाला चिकटवलेला कागद अगदी डोळ्यासमोर येतो त्याला मी काय करू.

हे बोललं की शेठ लोक हसतात. "अरे तू घरातला माणूस, तुझ्यावर नाही ठेवायचा विश्वास तर कुणावर ठेवायचा." बरं वाटतं ऐकून, खोटं नाही बोलणार. पण तिजोरीची चावी तुम्ही सख्ख्या पुतण्याकडेसुद्धा देत नाही, करगोट्याला बांधून फिरता, आणि ज्या कॉम्प्युटरवर शेतकऱ्यांच्या पट्ट्या म्हणजे मालविक्रीचे हिशेब, बँकेचं खातं, जीएसटी, सगळी उधारी आहे त्याची चावी मात्र महिन्याला हजार दीड हजार एएमसी, म्हणजे देखभालीचे पैसे, घेणाऱ्या माणसाकडे. आणि त्यात माझ्या प्रामाणिकपणाचा प्रश्न नाहीच आहे हो. माझा लॅपटॉप एसटीत चोरीला जाऊ शकतो. माझ्या मशीनमध्ये व्हायरस शिरू शकतो. मी चांगला असून काय उपयोग, माझ्या लॅपटॉपवर बसलेला चोर चांगला असायला पाहिजे ना.

हे मी मनाचं सांगत नाहीये. जुलै २०२१ मध्ये कसेया नावाच्या अमेरिकन कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून हल्ला झाला. हे सॉफ्टवेअर कोण वापरायचं, तर माझ्यासारखेच लोक, दुसऱ्यांचे कॉम्प्युटर लांबून सांभाळणारे. चोरांनी एकेका दुकानाचं कुलूप तोडलंच नाही, सांभाळणाऱ्यांचं हत्यार घेतलं आणि त्यातूनच सगळीकडे खंडणीचा व्हायरस सोडला, म्हणजे फायली कुलूपबंद करून पैसे मागणारा. साठाच्या आत सर्व्हिसवाले आणि त्यांच्यामागे ८०० ते १५०० धंदे एकदम अडकले. स्वीडनमधल्या कूप नावाच्या किराणा साखळीचा कसेयाशी थेट काही संबंध नव्हता, त्यांच्या बिलिंग मशीनचा जो ठेकेदार होता तो हे वापरत होता, तेवढ्यावर त्यांची जवळजवळ ८०० दुकानं बंद ठेवायची वेळ आली कारण गल्ल्यावर बिलच निघेना. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या टार्गेट ह्या मोठ्या दुकानांतून ४ कोटी कार्डांची माहिती गेली, चोर आत आले कुठून, तर फ्रीज आणि एसीचं काम करणाऱ्या ठेकेदाराच्या लॉगिनमधून.

लांबचं वाटतंय? मग जवळचं घ्या. ३१ जुलै २०२४ ला आपल्या देशातल्या जवळजवळ ३०० छोट्या बँकांचं यूपीआय आणि एटीएम अचानक बंद पडलं, त्यात सहकारी बँका होत्या, ग्रामीण बँका होत्या. त्या बँकांनी स्वतः काही केलं नव्हतं. त्यांचं सॉफ्टवेअर चालवणारी सी-एज नावाची एकच कंपनी, तिच्याकडे रॅन्समवेअर, म्हणजे तोच खंडणीचा व्हायरस, घुसलं, म्हणून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय ह्या संस्थेनं त्या सगळ्यांची लाइन खबरदारी म्हणून तोडली. बँकांची ही गत, तर पेढीचं काय घेऊन बसलाय.

आणि एक उदाहरण तर अगदी आपल्या मालाच्या वाटेतलं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. युक्रेनमध्ये एम-ई-डॉक नावाचं हिशेबाचं आणि टॅक्सचं सॉफ्टवेअर आहे, तिथल्या धंदेवाल्यांना जवळजवळ घ्यावंच लागतं, आपल्याकडे टॅली तसं तिकडे ते. २०१७ च्या जूनमध्ये चोरांनी त्याच्या अपडेटमध्येच विष कालवलं. लोकांनी नेहमीसारखं अपडेट घेतलं आणि २७ जूनला कॉम्प्युटर एकामागून एक झोपले. नॉटपेट्या म्हणतात त्याला. दिसायला खंडणी मागत होता पण खरं तर पैसे देऊनसुद्धा डेटा परत मिळायची सोयच नव्हती त्यात. मर्स्क ही जहाज कंपनी, तिचं युक्रेनमध्ये ऑफिस, तिथून तो जगभर पसरला आणि आपल्या न्हावाशेवाला जेएनपीटीतलं मर्स्क समूहाकडचं जीटीआय टर्मिनल ठप्प झालं, बाहेर कंटेनरच्या रांगा लागल्या. आपल्या यार्डातली हळद आणि बेदाणा परदेशी जाताना त्याच बंदरातून जातो. कुणाच्या तरी हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटनं आपला माल रस्त्यात उभा राहू शकतो, हे तेव्हा कळलं. मर्स्कचं पुढं काय झालं ते बॅकअपच्या वेळी सांगतो, ते ऐकण्यासारखं आहे.

आता यार्डातलं बघू, म्हणजे मी रोज जे डोळ्यांनी बघतो ते.

गाडी भरून उभी. ड्रायव्हर घाई करतोय, हमाल ताडपत्री बांधून मोकळे. दिवाणजी ई-वे बिल, म्हणजे माल गाडीतून न्यायचा जीएसटीचा कागद, काढायला बसले, ओटीपी गेला मालकाच्या मोबाइलवर, मालक मिरजेला लग्नात. फोन लागत नाही, मांडवात बॅंड वाजतोय. मग मालकांनी शोधून काढलेला शॉर्टकट म्हणजे ओटीपी आला की तो थेट "पेढी स्टाफ" ह्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा. ज्याला लागेल तो घेईल. त्या ग्रुपमध्ये कोण कोण आहे एकदा वर बोट लावून बघा. गेल्या वर्षी सोडून गेलेला पोरगा अजून आहे. दोन जुने ड्रायव्हर आहेत. मी पण आहे, मला कशाला घेतलंय देव जाणे. आणि ई-वे बिलाच्या ओटीपीची एकदा सवय लागली की बँकेचा ओटीपी पण तिथंच पडायला लागतो, कुणाला काही वाटत नाही.

ह्याला सोपा मार्ग आहे आणि तो फुकट आहे. १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिल आणि ई-इनव्हॉइसला सगळ्यांना ओटीपीचं दुसरं कुलूप सक्तीचं झालं, तेव्हा सगळे वैतागले, पण त्याच पोर्टलवर मालकाच्या खात्याखाली सब-युजर तयार करता येतात हे फार कमी जणांनी बघितलं. दिवाणजींना त्यांचं स्वतःचं लॉगिन द्यायचं, ओटीपी त्यांच्याच मोबाइलवर जातो, तुम्ही लग्नात निवांत जेवा. कोणी कुठलं बिल काढलं ते पण नावानिशी कळतं. तो माणूस सोडून गेला की तेवढं एक लॉगिन बंद करायचं, बाकीचं जसंच्या तसं. रेंजची बोंब असेल तर एनआयसी-जीएसटी-शील्ड नावाचं ॲप आहे, त्यात इंटरनेट नसलं तरी ओटीपी दिसतो. हे करायला अर्धा तास लागत नाही, मी करून द्यायला तयार आहे, पण करताना मालक शेजारी बसलेला पाहिजे आणि पासवर्ड त्यानं स्वतः टाकायचा, मी तोंड फिरवून बसतो.

जीएसटीचं मूळ खातं हा तर अजून वेगळा घोळ. कितीतरी जणांच्या जीएसटी नोंदणीत मोबाइल आणि ईमेल टॅक्सवाल्यांच्या ऑफिसचा आहे. २०१७ मध्ये घाईघाईत नोंदण्या झाल्या, तेव्हा ज्यानं फॉर्म भरला त्यानं आपलाच नंबर टाकला, त्यात कुणाचा डाव होता असं मी म्हणत नाही. पण पुढं सल्लागार बदलला, भांडण झालं, बिलावरून बिनसलं की मग आपल्याच धंद्याच्या खात्यात आपल्यालाच शिरता येत नाही. हे इतक्या ठिकाणी झालं की २०१८ मध्ये सरकारला त्यासाठी खास पद्धत काढावी लागली, आपल्या भागातल्या जीएसटी अधिकाऱ्याकडे कागदपत्रं घेऊन जायचं, तो खातरजमा करून नंबर आणि ईमेल बदलून देतो. भांडण व्हायची वाट कशाला बघायची? संबंध चांगले आहेत तोवरच बदलून घ्या, टॅक्सवाल्यांना काम करायला त्यानं काही अडचण येत नाही. डिजिटल सहीच्या टोकनचं पण तेच. ते छोटं यूएसबी टोकन म्हणजे तुमची सही आहे, अक्षरशः. ते दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये, आणि पिन त्याच टोकनवर चिकटपट्टी लावून बॉलपेननं लिहिलेला! कोऱ्या चेकवर सह्या करून पुस्तक कुणाकडे ठेवून या म्हटलं तर तुम्ही मला बाहेर काढाल.

मोबाइल नंबरावरून एक गोष्ट सांगायची राहिलीच. दुकानाच्या ईमेलला, बँकेला, कुठल्याही खात्याला कामगाराचा नंबर देऊ नका. तो सोडून जातो, सिम रिचार्ज करत नाही, नंबर बंद पडतो, आणि बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या गिऱ्हाइकाला देऊ शकते. म्हणजे उद्या कुठल्यातरी परगावच्या अनोळखी माणसाच्या हातात तुमच्या पेढीच्या जीमेलचा ओटीपी. त्याला बिचाऱ्याला माहीत पण नसेल तो कशाचा आहे, पण सगळे बिचारे नसतात. दुकानाच्या नावानं एक सिम घ्या, साध्या बटणांच्या फोनमध्ये घाला आणि तो फोन घरात ठेवा. त्यावर व्हॉट्सॲप नको, काही नको. तुम्हाला कंजूष म्हणणार नाही कुणी.

घरून टॅली बघायची हौस. लॉकडाऊनपासून हे फार वाढलं. "घरी बसून उधारी बघता आली पाहिजे, काहीतरी कर." मग कुणीतरी येतं, राउटरमध्ये रिमोट डेस्कटॉपचं दार बाहेरच्या जगाला उघडं करून जातं, ३३८९ नंबरचा पोर्ट, आणि विंडोजचा पासवर्ड असतो दुकानाचं नाव आणि पुढं १२३. जगात असे प्रोग्राम रात्रंदिवस फिरत असतात ज्यांचं काम फक्त उघडे पोर्ट शोधायचं आणि पासवर्ड लावून बघत राहायचं. त्यांना सांगली कुठं आहे माहीत नाही, तुमची उलाढाल माहीत नाही, त्यांना पासवर्ड लागला एवढंच कळतं. मग एका सकाळी कॉम्प्युटर चालू केल्यावर सगळ्या फायलींची शेपटी बदललेली, आणि डेस्कटॉपवर इंग्रजीत एक चिठ्ठी. हे आपल्याच यार्डात झालेलं आहे, कुणाकडे ते विचारू नका, त्यांना उधारीसाठी गिऱ्हाइकांना फोन करून "तुमच्याकडे आमचं किती निघतंय हो?" असं विचारायची पाळी आली, आणि असं विचारल्यावर लोक किती सांगतात ते मी तुम्हाला काय सांगू. काहीजण ३३८९ बदलून दुसरा नंबर टाकतात, त्यानं विशेष फरक पडत नाही. बाहेरून बघायचंच असेल तर व्हीपीएन, म्हणजे फक्त तुमच्यापुरता बंदिस्त रस्ता, घ्या नाहीतर चांगल्या कंपनीचं क्लाउड घ्या, पैसे लागतील. आणि खरं विचाराल तर रात्री साडेनऊला घरी बसून उधारी बघून झोप कुणाला लागते?

आता बँक. पैसे गेले तर कुणाचे, ह्याबद्दल यार्डात नुसत्या अफवा आहेत. रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ ला परिपत्रक काढलं आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांसाठी वेगळं. त्यातलं सार असं की चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, मधल्या तिसऱ्याच कुणाचा घोळ आहे, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून कामकाजाच्या ३ दिवसांत तुम्ही कळवलं, तर तुमच्या खिशाला झळ नाही. ४ ते ७ दिवस झाले तर काही मर्यादेपर्यंत तुमचं नुकसान. पण तुम्ही स्वतःच पासवर्ड, पिन, ओटीपी दुसऱ्याला दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंत जे गेलं ते सगळं तुमच्या अंगावर. आता "पेढी स्टाफ" ग्रुप आठवा. तुमचा ओटीपी तिथं रोज पडतोय हे बँकेच्या वकिलानं बघितलं तर पुढं बोलायला काय उरतं?

फर्मच्या खात्याला बहुतेक बँका अशी सोय देतात की एकानं रक्कम भरायची आणि दुसऱ्यानं मंजूर करायची. दिवाणजींनी शेतकऱ्यांच्या पट्टीचे पैसे भरून ठेवायचे, मालकानं आपल्या फोनवरून बघून सोडायचे. ब्रँचला जाऊन अर्ज द्या, मॅनेजर कुरकुरला तरी द्या. आणि पैसे गेल्याचं कळलं की आधी बँक आणि १९३०, मग बाकी सगळे. १९३० हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे, तिथं जितक्या लवकर कळवाल तितकी पुढच्या खात्यात पैसे गोठवायची शक्यता जास्त, कारण चोर ते लगेच दहा खात्यांत फोडतात. लोक काय करतात, आधी मला फोन करतात. मी काय करू शकतो? मी कॉम्प्युटरवाला आहे, माझ्याकडून पैसे थांबत नाहीत, माझ्याशी बोलण्यात गेलेली वीस मिनिटं मात्र परत येत नाहीत.

बॅकअप. हा शब्द काढला की सगळे म्हणतात "आहे की". कुठं आहे? "डी ड्राइव्हला." अहो, सी आणि डी बहुतेक वेळा एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात, डिस्क गेली की दोन्ही गेले. जे हुशार आहेत त्यांचा पेन ड्राइव्ह आहे पण तो कॉम्प्युटरच्या मागं बारा महिने खुपसलेला, त्याच्यावर धुळीचा थर आणि वर हळदीचा. रॅन्समवेअर आलं की जे जे जोडलेलं आहे ते सगळं कुलूपबंद होतं, पेन ड्राइव्हसकट.

मर्स्कचं सांगतो म्हटलं होतं. त्यांचे ४५,००० कॉम्प्युटर आणि ४,००० सर्व्हर नव्यानं उभे करावे लागले, दहा दिवसांत केले, पण मुळात ते करायला जी कंपनीभरच्या युजरची मुख्य यादी लागते, ती ज्या सर्व्हरवर होती ते जगभरातले सगळे पुसले गेले होते. त्यांच्या प्रती होत्या, पण त्या सगळ्या एकमेकींना जोडलेल्या, त्यामुळं एकदम गेल्या. एकच वाचली, आफ्रिकेत घानामधल्या ऑफिसात, कारण हल्ला झाला तेव्हा तिथली लाईट गेली होती आणि तो सर्व्हर बंद होता. एवढी मोठी कंपनी, आणि वाचवलं कुणी तर लोडशेडिंगनं! आपल्याकडे त्याबाबतीत काही कमी नाही, पण त्याच्या भरवशावर राहू नका. दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घ्या. एक आज, एक उद्या, आळीपाळीनं. टॅली बंद केली, कॉपी झाली, वायर काढली, डिस्क मालकाच्या पिशवीत घरी. वायर काढली हे महत्त्वाचं. आणि दोन तीन महिन्यांनी तीच डिस्क दुसऱ्याच कॉम्प्युटरला लावून त्यातून कंपनी उघडून एखाद्या शेतकऱ्याची पट्टी निघते का बघा. न उघडून बघितलेला बॅकअप मी बॅकअप मानत नाही, कित्येक डिस्क उघडल्यावर आत फक्त रिकामं फोल्डर निघतं. जाताजाता, टॅलीमध्ये व्हॉल्टचा पासवर्ड टाकायची सोय आहे, चांगली आहे, पण तो विसरलात तर टॅलीवाले पण काढून देऊ शकत नाहीत, तेव्हा तो कागदावर लिहून तिजोरीत.

हो, कागदावर. यूट्यूबवर सगळे सांगतात पासवर्ड लिहू नका. मी म्हणतो लिहा. वहीत लिहा, वही तिजोरीत ठेवा. रशियातला चोर तुमच्या तिजोरीतली वही वाचायला सांगलीत येत नाही. मॉनिटरला चिकटवू नका एवढंच, आणि फोनमध्ये फोटो काढून तर अजिबात ठेवू नका. दर महिन्याला बदला असं पण मी सांगणार नाही, त्यानं लोक शेवटी १ चा २ करतात, अमेरिकेच्या निस्ट ह्या मानक ठरवणाऱ्या संस्थेनंसुद्धा २०१७ मध्ये सक्तीनं बदलायला लावणं बंद करा म्हटलंय. माणूस गेला की बदला. दिवाणजी सोडून गेले, पोरगा सोडून गेला, एएमसीवाला बदलला, त्याच दिवशी बदला. त्यात कुणाचा अपमान नाही, मला काढाल तेव्हा माझ्यासमोर बदला, मी वाईट वाटून घेणार नाही.

कॅमेऱ्यांबद्दल थोडक्यात. डीव्हीआरला कंपनीतून आलेला पासवर्ड तसाच असेल तर बदला. २०१६ मध्ये मिराय नावाच्या व्हायरसनं साठेक ठरलेले कंपनीचे पासवर्ड लावून जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट दिवसभर आडव्या केल्या. आणि ज्यानं कॅमेरे बसवले त्याच्या फोनमध्ये तुमची पेढी अजून लाइव्ह दिसते का, हे त्याला विचारा. बऱ्याच वेळा दिसत असते. गल्ला मोजताना तुम्ही दार लावता, आणि वरून कॅमेरा.

चोरीची विंडोज आणि क्रॅक टॅली (लायसनचं कुलूप तोडून फुकट चालवलेली) ह्यावर बोलायला लागलो की निम्म्या यार्डाशी भांडण होईल. एवढंच सांगतो, क्रॅक टाकताना तो पहिली अट घालतो की अँटीव्हायरस बंद करा. पुढं काय टाकलं जातं ते तुम्हालाही दिसत नाही आणि मलाही नाही. मी क्रॅक टाकून देणार नाही, त्यासाठी दुसरे आहेत, त्यांचे नंबर तुमच्याकडे आहेतच. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ७ चा तर २०२० च्या जानेवारीतच, आणि अजून दोनतीन पेढ्यांवर ७ चालू आहे, कारण "चालतंय की मस्त".

आणि ते लग्नपत्रिका, आरटीओ चलन असल्या नावाच्या एपीके फायली, म्हणजे फोनमध्ये ॲप टाकणाऱ्या, व्हॉट्सॲपवर येतात त्या उघडू नका. ओळखीच्या माणसाकडून आली तरी नाही, कारण त्याचा फोन आधीच गेलेला असतो, तो नाही पाठवत, चोर पाठवतोय. ह्याबद्दल पोलिसांनी इतक्या वेळा सांगितलंय की मी परत सांगत नाही.

आता संघटनेच्या अध्यक्षांना आणि पदाधिकाऱ्यांना विनंती. दरवर्षी व्यापाऱ्यांची डिरेक्टरी छापता, त्याच्यासोबत एक पानाचा फॉर्म छापा. त्यात फक्त एवढंच: जीएसटीला मोबाइल कुणाचा, ईमेल कुणाचा, डिजिटल सहीचं टोकन कुठं आहे, टॅलीचं खातं कुणाच्या ईमेलवर, डोमेन म्हणजे वेबसाइटचं नाव असेल तर कुणाच्या नावावर, लांबून कॉम्प्युटर कोण उघडू शकतं, शेवटचा बॅकअप उघडून कधी बघितला. प्रत्येक मालकानं स्वतःच्या हातानं भरायचा आणि स्वतःच्या तिजोरीत ठेवायचा, संघटनेला परत द्यायचा नाही, नाहीतर संघटनेच्या कपाटात सगळ्या यार्डाची कुंडली गोळा होईल आणि चोराला एकच कपाट फोडावं लागेल. दुसरं, यार्डात काम करणाऱ्या आम्हा सगळ्या कॉम्प्युटरवाल्यांना, कॅमेरावाल्यांना, टॅलीवाल्यांना एकदा बोलावून सांगा की सगळ्या गिऱ्हाइकांना एकच पासवर्ड ठेवणाऱ्याला यार्डात काम नाही. आमच्या धंद्यात ही सवय सर्रास आहे, लक्षात ठेवायला सोपं पडतं म्हणून. एका पेढीचा फुटला की सगळ्यांचा फुटला. माझे धंदेबंधू माझ्यावर चिडतील, चिडू देत.

आणि सौदे बंद असतील असा एखादा दिवस बघून दुपारी संघटनेचा हॉल द्या. प्रोजेक्टर मी आणतो, भाषण करणार नाही. प्रत्येकानं आपला फोन आणि जीएसटीचा युजर आयडी घेऊन यायचं, तिथल्या तिथं नंबर तपासायचे, सब-युजर काढायचे, व्हॉट्सॲपला सहा आकडी पिन लावायचा, लिंक्ड डिव्हाइसमध्ये कुठला जुना कॉम्प्युटर अजून जोडलेला आहे बघून काढून टाकायचा. दिवाणजींना पण आणा, खरं काम तेच करतात आणि बोलणी पण तेच खातात. सगळ्या सूचना मालकाला आणि शिव्या दिवाणजीला, असं नको.

माझ्याकडून मी सुरुवात करतोय. येत्या एक तारखेपासून माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या कॉम्प्युटरवरचा ॲनीडेस्कचा कायमचा पासवर्ड मी काढून टाकणार आहे. त्यानंतर मला आत यायचं असेल तर तुमच्याकडे कुणीतरी समोर बसून "ॲक्सेप्ट" दाबल्याशिवाय येता येणार नाही. रात्री नऊ वाजता प्रिंटर अडला आणि पेढीत कुणी नसेल तर तो सकाळपर्यंत अडलेलाच राहील. ज्यांच्या जीमेलला माझा नंबर आहे त्यांना मी यादी करून एकेकाला भेटतोय, येताना दुकानाचं सिम तयार ठेवा. हे सगळं झाल्यावर एएमसी कमी करा म्हणू नका मात्र.

आपला,
यार्डातला कॉम्प्युटरवाला